एकशे तेरा नंबरचं दार

विष्णुपंतांच्या बेदाण्याच्या ऑफिसात मी रुजू झाले तेव्हा तिथे चार संगणक होते. त्यांपैकी दोन चालत होते, एक दुपारनंतर चालत असे, आणि चौथ्यावर रेक्झिनचं कव्हर घालून वर उदबत्तीचं घर ठेवलेलं होतं. त्याशिवाय एक मोडेम, एक टेलिफोन लाइन, तीन पंखे, नमुन्याच्या बेदाण्यांच्या एकवीस बरण्या आणि एक मांजर. मांजर मोडेमवर झोपे, कारण सबंध ऑफिसात तीच एक जागा बारमाही उबदार होती. माणसं तीन: मालक विष्णुपंत, ज्यांना सांगलीचं अख्खं मार्केट यार्ड नुसतं पंत म्हणे, निर्यातीचा पत्रव्यवहार एकोणीस वर्षं सांभाळणारे शमशादभाई, आणि मी, मयूरी, एम.एस्सी. फिजिक्स, प्रथम श्रेणी.

श्रेणीचा उल्लेख मी उगाच करत नाही. १९९९ साली साताऱ्यात प्रथम श्रेणीच्या मुलीने बी.एड. करावं, असा एक अलिखित नियम होता. तो मोडून मी सांगलीला विनोदिनीमावशीकडे राहायला आले आणि बेदाण्याच्या व्यापाऱ्याकडे 'कॉम्प्युटरचं बघायला' लागले. साताऱ्याहून माझे वडील, आबा, दर रविवारी फोन करून तब्येत विचारत आणि बोलता बोलता बी.एड.च्या प्रवेशाची तारीख सांगत. तारीख दरवेळी तीच असे.

तर, फायरवॉल. पंतांनी कुठल्याशा पुरवणीत वाचलं की इंटरनेटला जोडलेल्या संगणकात जगातला कुठलाही चोर शिरू शकतो, आणि त्यावर उपाय म्हणून फायरवॉल नावाची भिंत घालतात. त्यांनी मला विचारलं, "आपल्याला घालता येईल का?" मी "हो" म्हणाले. त्या वेळी मला फायरवॉलची फक्त व्याख्या माहीत होती, पण पदार्थविज्ञानात आम्ही कित्येक गोष्टी व्याख्येवरच उभ्या केल्या आहेत. एका मासिकाबरोबर लिनक्सची सीडी फुकट मिळाली होती. दुपारनंतर चालणारा संगणक मी मोकळा केला, त्याचा सैल झालेला मेमरीचा तुकडा घट्ट बसवला, तेव्हा तो सकाळीही चालू लागला. मग बारा दिवस खपून त्याची भिंत केली. ऑफिसातून बाहेर जाणारं आणि बाहेरून आत येणारं सगळं आता त्याच्यातून जाणार होतं.

मावशीच्या शेजारी जोतीरामकाका राहत, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी गॅलरीतूनच विचारलं, "भिंत केवढ्याची?" मी म्हटलं, तशी भिंत नव्हे, संगणकातली. "कुठली का असेना," काका म्हणाले, "भिंतीला पाणी जायला भोकं ठेवली आहेस का? आमच्या एका सबडिव्हिजनल साहेबांनी नव्हती ठेवली. पहिल्याच पावसाळ्यात भिंत आणि साहेब दोन्ही गेले." मी हसून सोडून दिलं. सिव्हिलच्या माणसांना प्रत्येक गोष्टीत पाणी दिसतं.

भिंतीच्या नोंदी वाचणं हा माझा रोजचा आनंद झाला. बाहेरून कोणी न बोलावता ठोठावलं की संगणक एक ओळ लिहून ठेवतो: तारीख, वेळ, ठोठावणाऱ्याचा पत्ता, कितव्या दारावर ठोठावलं तो आकडा, आणि शेवटी त्याचं काय केलं ते. संगणकाला अशी हजारो दारं असतात आणि प्रत्येकाला नंबर असतो. माझ्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच शब्द होता: डिनाय. नाकारला. मी त्या ओळी डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापून सकाळच्या चहाबरोबर वाचत असे. दुसऱ्याच्या घरात काय चाललंय यापेक्षा आपल्या घरात कोण डोकावतंय हे वाचण्यात कितीतरी जास्त सुख आहे.

मग पंतांची पत्रं जाईनाशी झाली.

इथे पंतांच्या धंद्याची रीत सांगायला हवी. बाकीचा सगळा पत्रव्यवहार शमशादभाई करत, पण भाव मात्र पंत स्वतः कळवत. रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगण्याच्या काळात त्यांच्या वडिलांनी धंदा केला होता. रुमाल गेला तरी तो संकोच राहिला. भावाचं पत्र लिहिताना ते शमशादभाईंना चहा सांगायला पाठवत, मला खिडकीकडे बघायला लावत आणि एका बोटाने टंकत. दुबईच्या एका व्यापाऱ्याने मोठी चौकशी केली होती. गणपतीच्या आधीच्या सोमवारपर्यंत ई-मेलने भाव आला तर कंटेनर, नाहीतर तो दुसरीकडे बघणार होता. फॅक्स मशीन मिरजेला दुरुस्तीला गेलं होतं ते तिथेच रमलं होतं. आणि फोनवर भाव सांगायचा तर वर एक्स्चेंजमध्ये कोण ऐकत असेल, हा पंतांचा जुना प्रश्न होता.

पंत पत्र लिहीत, पाठवा म्हणत, काही वेळाने पडद्यावर इंग्रजीत काहीतरी दिलगिरी येई, पंत ती न वाचता बंद करत, आणि पत्र जिथल्या तिथे.

"तुझ्या भिंतीत अडलं," पंत म्हणाले.

हा आरोप मी शास्त्रीय पद्धतीने खोडून काढला. येणारी पत्रं येत होती. दुबईचं हवामान दिसत होतं. शमशादभाईंची पत्रं तर बिनबोभाट जात होती. एकाच भिंतीतून एकाचं पत्र जातं आणि दुसऱ्याचं जात नाही, तर दोष भिंतीचा नाही हे कोणालाही पटेल. पंतांनाही पटलं, आणि इथेच सगळं बिघडलं. कारण पंत म्हणाले, "म्हणजे माझीच पत्रं अडतात. आणि मी फक्त भावाची लिहितो."

मी नोंदी काढल्या. पंतांनी ज्या ज्या वेळी, बहुतेकदा संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला, पत्र पाठवायचा प्रयत्न केला होता, बरोबर त्या त्या वेळी बाहेरून कोणीतरी ठोठावत होतं. एकदा नाही, प्रत्येक पत्रामागे पाच-पाचदा. आणि दार कायम एकच: एकशे तेरा. कोणतं दार कशाचं याची यादी संगणकातच असते. एकशे तेरापुढे लिहिलं होतं, ऑथ. म्हणजे ओळख पटवण्याचं दार. म्हणजे कोणीतरी, पंत भाव लिहायला बसले की, आमची ओळख चोरायला येत होतं. माझ्या अंगावर जो काटा आला त्यात भीती थोडी आणि शोधाचा आनंद पुष्कळ होता.

ठोठावणाऱ्याचा पत्ता मी शोधला, तर तो आमच्या इंटरनेट पुरवणाऱ्यांच्याच संगणकाचा निघाला. दुसऱ्या कोणी इथे विचार थांबवला असता. पण चोर खोटा पत्ता लावून येऊ शकतात हे मी वाचलं होतं. मी पंतांना समजावून सांगितलं, "चोर हुशार आहे. पोस्टमनचा गणवेश घालून येतो."

पंत माझ्याकडे अशा आदराने बघू लागले की मला त्यातून मागे फिरणं अशक्य झालं.

आधी आम्ही रीतसर मार्गाने गेलो. टेलिफोनच्या कचेरीत खिडकीमागच्या गृहस्थांनी माझं सगळं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तक्रारीचा प्रकार?" प्रकार तीन होते: लाइन मृत, लाइनमध्ये खरखर, आणि बिल. मी म्हटलं, यातला कुठलाच नाही, कोणीतरी आमच्या एकशे तेरा नंबरच्या दारावर ठोठावतं. ते म्हणाले, "बाई, दाराचं आमच्याकडे येत नाही." शेवटी खरखर लिहून घेतली. दुसऱ्या दिवशी ज्ञानू लाइनमन आला, खांबावर चढला, उतरला, मोडेमवरचं मांजर उचलून खाली ठेवलं आणि मला म्हणाला, "ताई, खरखर काय न्हाई. मांजराचं केस लय हायेत." तक्रारीचं निवारण झाल्याचा शिक्का बसला.

मग पंतांना हंबीररावांचा संशय आला. हंबीरराव म्हणजे दोन गोदामं सोडून बसणारे बेदाण्याचेच व्यापारी. पंत मला बरोबर घेऊन गेले. छापलेल्या नोंदींची गुंडाळी माझ्या काखेत होती. पण सरळ विचारणं पंतांच्या स्वभावात नव्हतं. चहा झाला, द्राक्षाच्या छाटणीचा विषय झाला, मग पंतांनी हळूच विचारलं, "मग, हल्ली संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला काय करता?"

हंबीररावांनी बशी खाली ठेवली. "साडेपाचला? गोदाम बंद करतो, मारुतीला जातो. का वं?"

"नाही, सहज. काही नवीन यंत्रं वगैरे घेतली का?"

"वजनकाटा घेतलाय की. दावू?"

पंतांनी माझ्याकडे पाहिलं. मी गुंडाळी उलगडली आणि पाच-पाच ठोठावण्यांचा प्रकार सांगितला. हंबीररावांनी सगळा कागद डोळ्यांजवळ धरून पाहिला. "पोरी," ते म्हणाले, "आमच्या घरात टीव्हीचं बटनसुद्धा नातू दाबतो. आणि आवं पंत, तुमचा भाव चोरून मी काय करू? तुमच्या भावात माल इकायचा झाला तर मला गोदाम इकावं लागंल." बाहेर पडताना त्यांनी मला मूठभर बेदाणा दिला. तो आमच्यापेक्षा चांगला होता, हे मी पंतांना सांगितलं नाही.

परतल्यावर ऑफिसच्या पायऱ्या चढताना पंत म्हणाले, "बाहेरचं कोणी नाही. मग आतलं कोण उरतं? पत्रं कोणाची जातात?"

मी म्हटलं, "शमशादभाईंची. पण त्याचा अर्थ..."

"मी काही म्हटलेलं नाही," पंत म्हणाले.

आणि खरंच त्यांनी काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी एवढंच सांगितलं, "शमशाद, जरा खाली गोदामाकडे बघा काही दिवस. माल मोजायचा राहिलाय." शमशादभाईंनी आपला चष्मा, पेन आणि डबा घेतला आणि खाली गेले. माल जूनमध्येच मोजून झाला होता. तो त्यांनीच मोजला होता.

मी ती दुपार अतिशय वाईट काढली. शेवटी खाली गेले. शमशादभाई पोत्यांवर वर्तमानपत्र अंथरून बसले होते.

"ताई, तुमच्या त्या कागदात माझं नाव आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग कोणाचं आहे?"

"कोणाचंच नाही. एक आकडा आहे."

"आकड्यासाठी मला खाली बसवलं," ते म्हणाले. "पंत वर बोलवून म्हणाले असते की शमशाद, तू चोर आहेस, तर मी भांडलो असतो. आता कोणाशी भांडू? घरी मुलगी नूरीनची आई विचारते, काय झालं. मी सांगतो, अजून काही कळलं नाही."

मी कामाचा प्रश्न विचारला. "शमशादभाई, तुमची पत्रं कशी जातात?"

"कशी म्हणजे? ते चौकोनात विचारतं, थांबायचं की सोडायचं. मी थांबा दाबतो. तेवढ्यात दुसरं पत्र कच्चं लिहून होतं."

पंत सोडा दाबत होते. ती दिलगिरी नव्हतीच, तो प्रश्न होता, आणि आम्ही कोणी तो वाचला नव्हता. मी वर धावत जाऊन नोंदी पुन्हा काढल्या. आतापर्यंत मी फक्त पंतांच्या पत्रांच्या वेळा ताडून पाहिल्या होत्या. शमशादभाईंच्या पत्रांच्या वेळा बघायचं मला सुचलंच नव्हतं. प्रयोगशाळेत असं केलं असतं तर आमच्या सरांनी जर्नल खिडकीबाहेर टाकलं असतं. शमशादभाईंच्या प्रत्येक पत्राच्या वेळीसुद्धा एकशे तेरावर पाच ठोके होते. म्हणजे चोर भावाच्या मागे नव्हता. तो कोणाच्याही पत्रामागे येत होता. आणि ठोक्यांमधलं अंतर पाहिलं तर तीन सेकंद, मग सहा, मग बारा, मग चोवीस. दरवेळी दुप्पट. इतक्या अदबीने मागे सरणारा चोर मी कुठे वाचला नव्हता. पण मग तो कोण, हे मला कळेना. दुबईची मुदत सोमवारची होती आणि दिवस शनिवार होता.

रविवारी सकाळी मावशीकडे बेल वाजली. मावशीने तोंडावर बोट ठेवलं आणि पंखा बंद केला. गल्लीतल्या गणपती मंडळात फूट पडून यंदा दोन मंडळं झाली होती. पहिल्याला मावशीने वर्गणी दिली होती, आणि दुसऱ्याला द्यायची नव्हती. द्यायची नाही म्हणजे तसं सांगायचं, असं नाही. आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. दार उघडत नाहीत. आम्ही दोघी स्वयंपाकघरात श्वास रोखून उभ्या राहिलो. पुन्हा बेल. जरा थांबून पुन्हा. आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

"आहेत की आत," बाहेरून आवाज आला. "भात लावलाय."

"आहेत, आहेत," जोतीरामकाकांनी गॅलरीतून दुजोरा दिला. "थांबा तुम्ही."

कार्यकर्ते पायरीवर बसले. बेल वाजे, मग बराच वेळ शांतता, मग पुन्हा बेल, मग त्याहून जास्त शांतता. मावशी घामाने निथळत होती. दुसरी शिट्टी झाली. मी घड्याळाकडे बघत होते आणि माझ्या लक्षात आलं की मी बेलांमधलं अंतर मोजते आहे, आणि ते वाढत चाललं आहे.

चोर असा ताटकळत नाही. एका दारात उत्तर मिळालं नाही तर तो शेजारचं दार बघतो. त्याच दाराशी, दरवेळी जास्त वेळ थांबून, पुन्हा पुन्हा विचारतो तो फक्त एकच माणूस: ज्याला काहीतरी विचारायचं आहे आणि उत्तर मिळेपर्यंत पुढचं काम करता येत नाही.

मी जाऊन दार उघडलं. "मावशीने पहिल्या मंडळाला दिलीय. दुसऱ्याला देणार नाही."

"बरं, ताई," त्यांच्यातला पुढचा म्हणाला. "मग आधीच सांगायचं की. अजून निम्मी गल्ली राहिलीय." आणि ते गेले.

मावशी भिंतीला टेकली. "तोंडावर नाही म्हणालीस?"

"हो."

"साताऱ्याची ती साताऱ्याचीच," मावशी म्हणाली आणि कुकर उतरवायला गेली.

रविवारभर लिनक्सचं माहितीपुस्तक चाळून सोमवारी सकाळी मी पंतांना सगळं समजावून सांगितलं. आपण पत्र पाठवतो तेव्हा पलीकडचा, इंटरनेट पुरवणाऱ्यांचा टपाल घेणारा संगणक पत्र हातात घेण्यापूर्वी उलटा आपल्याकडे येऊन विचारतो, "हे पत्र कोण पाठवतंय?" हा प्रश्न तो एकशे तेरा नंबरच्या दारावर विचारतो. ही जुनी सभ्यतेची रीत आहे. 'सांगत नाही' असं उत्तर दिलं तरी त्याची हरकत नसते. पण उत्तर मिळालंच नाही तर तो सव्वा मिनिट वाट बघतो. आपल्याकडच्या पत्राच्या प्रोग्रामला मात्र एक मिनिटाचाच धीर असतो. मग तो विचारतो, थांबू का सोडू.

"म्हणजे तो पोस्टमनच होता?" पंतांनी विचारलं.

"हो. गणवेश त्याचाच होता."

पंतांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी सहन केली. मग पुढचं सांगितलं: भिंत घालताना नको असलेल्याचं काय करायचं याचे दोन पर्याय असतात. डिनाय म्हणजे दार न उघडता गप्प बसायचं, आत कोणी नाही असं भासवायचं. रिजेक्ट म्हणजे स्पष्ट नाही सांगून परत पाठवायचं. मी सगळ्या दारांना पहिला पर्याय लावला होता. पुस्तकात दोन्हींचं वर्णन होतं, पण पहिलाच मला जास्त शिष्टाचाराचा वाटला.

"बरोबरच आहे," पंत म्हणाले. "धंद्यात तोंडावर नाही म्हणायचं नसतं."

"तुम्ही नका म्हणू. एकशे तेरा नंबरला म्हणू दे."

पंतांनी होकारार्थी मान डोलावली. मी म्हटलं, बदल करण्यापूर्वी शमशादभाईंना वर बोलवा, प्रयोगाला साक्षीदार लागतो. पंत निरोप धाडतील असं मला वाटलं होतं. ते स्वतः जिन्यापर्यंत गेले, तिथे थांबले, मग खाली उतरले. मी वरच्या कठड्याशी उभी होते.

"शमशाद," पंत म्हणाले, "माल मोजायचा नव्हता."

"माहीत आहे, पंत."

"मला तुमचा संशय आला होता. चुकीचा होता." पंतांना हे वाक्य बोलताना जे कष्ट पडले ते जिन्यावरूनही दिसत होते.

शमशादभाई पोत्यावरून उठले नाहीत. "आज सांगितलंत, बरं झालं," ते म्हणाले. "पण मला राग आलाय, आणि तो दोन-चार दिवस राहील."

"राहू दे," पंत म्हणाले. "वर येऊन करा राग. दुबईचा भाव लिहायचाय, आणि माझ्या एका बोटाला वेळ लागतो."

शमशादभाई वर आले. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला. पंतांनी मला खिडकीकडे बघायला सांगितलं नाही, आणि भाव मोठ्याने सांगितला. मी नियमातला एक शब्द बदलला आणि घड्याळ हातात घेतलं.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ऑफिसातून अकरा पत्रं एकेक करून पाठवली. एकशे तेरा नंबरच्या दारावर अकरा ठोके पडले, प्रत्येक पत्रामागे एक. अकराही वेळा नाही असं उत्तर गेलं. अकराही पत्रं पोचती झाली. दर पत्राला लागलेला सरासरी वेळ: चार पूर्णांक दोन दशांश सेकंद.